खोडलेली ओळ

चौथीच्या बाईंना कशाकशाची किळस येई हे सांगायला बसलं तर शाळा सुटेल, पण यादी संपणार नाही. ओल्या फडक्याने पुसलेला फळा, डब्याची झाकणं चाटणारी पोरं, शिक्षकखोलीतल्या टेबलावरचे चहाचे गोल डाग. पण सगळ्यांत जास्त किळस यायची ती गोग्गोड बालकवितांची. सूर्य म्हटलं की दोन्ही हातांचा गोल करायचा, नदी म्हटलं की हात हलवून लाटा दाखवायच्या आणि शेवटी चाळीस माना एकदम डावीकडे कलंडवायच्या. पहिल्या ओळीत फूल आलं की दुसरीत मूल आलंच म्हणून समजा. स्नेहसंमेलनात आईबाप मोबाईल वर धरून हे सगळं टिपत, तेव्हा बाई मागच्या रांगेत नाकाला रुमाल लावून बसत. नवरा म्हणायचा, "अगं, तुझ्या नाकाला जरा रजा दे." तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःच फारशी रजा घेतली नव्हती, मग नाकाला कुठून देणार?

सहकारी त्यांना मागून 'नाकाने कांदे सोलणारी' म्हणत. म्हणोत बापडे. पण बाईंना कविता शिकवता यायची, हे तोंड वाकडं करून का होईना, सगळे कबूल करत. शुक्रवारचा शेवटचा तास कवितेचा. फळ्याच्या कोपऱ्यात बंदी घातलेले शब्द कायमचे लिहिलेले असत: चंद्र, परी, फुलपाखरू, इंद्रधनुष्य. "जे डोळ्यांनी बघितलंत तेच लिहायचं," बाई बजावत. "खोटं लिहिलंत तर मला वास येतो." आणि मग यायची त्यांची लाल पेन्सिल. पोरांना शेवटी सगळं समजावून सांगायची खोड असते. बाई ती शेवटची ओळ हमखास खोडत. "ही ओळ म्हणजे जेवण झाल्यावर ताट चाटणं. शी! जिथे कविता संपली तिथे गप्प बसायचं." पोरंही हसत हसत शिकली होती. काही जण तर आधीच विचारत, "बाई, ही चाटायची ओळ आहे का?"

त्या वर्गात एक मुलगी होती, खिडकीजवळच्या बाकावर. तिला सगळे घुमी म्हणत, कारण विचारल्याशिवाय ती तोंड उघडत नसे आणि विचारल्यावरही उघडेलच असं नाही. जूनपासून तिने कवितेच्या तासाला कोरी वही दिली होती. बाईंनी हात टेकले नव्हते, पण टेकायच्या बेतात होत्या. आणि एका शुक्रवारी घुमीने वही पुढे केली.

माझी बाटली सकाळी भरते,
संध्याकाळी भरलेलीच घरी येते.
आई विचारते, तहान लागत नाही का गं?
लागते.
पण पाणी प्यायलं की तिकडे जावं लागतं.

बाई उभ्याच राहिल्या. तेवीस वर्षांत असा 'लागते' त्यांच्या हाती पडला नव्हता. एकच शब्द, एकटा, एका ओळीत! त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि शेवटची ओळ एका फटक्यात खोडली. घुमी काहीतरी बोलणार होती, निदान तिचे ओठ हलले. बाई म्हणाल्या, "नाही गं, हे सांगायचं नसतं. कळणाऱ्याला कळतं." मग तीच कविता फळ्यावर लिहून त्यांनी अख्ख्या वर्गाकडून म्हणून घेतली. "बघा, बघा ती कुठे थांबली!" चाळीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. घुमीने मान खाली घातली, आणि पोर लाजली असं बाईंना वाटलं.

कविता दर्शनी फलकावर लागली. पंधरा दिवसांनी तपासणीला साहेब आले. फलकापुढे उभं राहून त्यांनी ती मोठ्याने वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वा! ज्ञानाची तहान! एवढ्याशा जिवाला ज्ञानाची तहान!" हेडसरांनी मान डोलावली. बाईंना त्या अर्थाची इतकी शिसारी आली की घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला साहेबांची नक्कल करून दाखवली, आणि दोघं पोट धरून हसली. खोडलेल्या ओळीची आठवण मात्र बाईंनाही झाली नाही.

पुढच्या आठवड्यात घुमी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी तिची आई वर्गाच्या दाराशी उभी राहिली. ती एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. ओढणीला दोरे चिकटलेले होते. तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

"ताप उतरत नव्हता बाई. लघवीला आग होते म्हणून रात्रभर रडायची. डॉक्टर म्हणाले, दिवसभर लघवी धरून ठेवते आणि पाणी पीत नाही, म्हणून झालंय. का पीत नाही ते मला सांगेना. तुमच्याशी काही बोलली का हो?"

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. "बघते," एवढंच त्या म्हणाल्या. कपाटातून वही काढली. लाल रेघेखालून ती ओळ अजून स्वच्छ वाचता येत होती.

मधली सुट्टी झाली आणि बाई मुलींच्या शौचालयाकडे निघाल्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. शिक्षकांचं वेगळं होतं, कुलूपबंद, त्याची किल्ली शिक्षकखोलीत खिळ्याला असे. मुलींच्या बाजूने वास यायचा म्हणून बाईंनी वर्गाची त्या बाजूची खिडकी खिळा ठोकून बंद करून घेतली होती, आणि ती बंद झाल्यावर हेडसरांचे आभारही मानले होते.

दार अर्धं कुजलेलं, कडी नाही. एक मुलगी बाहेर उभी राहून मैत्रिणीसाठी दार धरून होती. आत पाणी नव्हतं. बादली होती, तिच्यात काळा गाळ साचलेला. फरशीवर पाय ठेवायला कोरडी जागा नाही, भांडं काठोकाठ तुंबलेलं, वर माश्यांचा थर. बाई भिंतीला हात टेकून ओकल्या. भिंतीवरचा हातही चिकट झाला. दार धरणारी मुलगी अदबीने म्हणाली, "बाई, तोंडाने श्वास घ्यायचा, मग एवढं वाटत नाही."

बाई तडक हेडसरांकडे गेल्या. ते म्हणाले, "दुरुस्तीचा अर्ज वर गेलेला आहे. तपासणीत आपण ही बाजू दाखवली नाही, नाहीतर शेरा पडला असता."

"सर, पोर आजारी पडली आहे."

"मग पाणी प्यायला सांगा तिला. तुमचं ऐकतात मुलं."

बाईंनी आयुष्यात खूप गोष्टींना शी म्हटलं होतं. आता म्हणायला तोंड नव्हतं, कारण समोरच्या खुर्चीतल्या माणसाने डोळ्यांवर कातडं ओढलं होतं, पण बाईंनी तर लिहून दिलेलं वाचलं होतं, दाद दिली होती, आणि मग आपल्या हाताने खोडलं होतं. हेडसर परवडले, असं त्यांना वाटलं. शिक्षकखोलीत जाऊन त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली, शिक्षकांचं शौचालय उघडलं आणि कुलूपच पर्समध्ये टाकलं. तिसरीच्या बाई ओरडल्या, "अहो, सगळ्या पोरी घाण करतील तिथे!" बाहेर मुलींची रांग लागली होती.

संध्याकाळी त्या घुमीच्या घरी गेल्या. एकच खोली, शिवणाचे गठ्ठे, भिंतीकडेच्या खाटेवर घुमी उशीला टेकून बसलेली. चेहरा उतरला होता. आईने लगबगीने स्टूल पुढे सरकवलं, पाण्याचा पेला आणून बाईंच्या हातात दिला आणि पोळ्या करायला वळली. बाईंनी वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं: आधी चुकलं म्हणायचं, मग कुलपाचं सांगायचं. पण खोलीत आल्यावर दोन्ही राहून गेलं. जिची ओळ खोडली, तिच्याच घरचा पेला न पिता त्या हातात धरून बसल्या.

घुमीने भरलेल्या पेल्याकडे बघितलं. मग समजूत काढावी तशी म्हणाली, "प्या की बाई. तुम्हाला कुठे तिकडे जायचंय?"