शय्यादानात गेलेली गाणी

दिवाकर केळुसकरांना गाणी जमवायचं वेड होतं आणि त्या वेडाचा अभिमानही होता. गणेशोत्सवातल्या बैठका, रेडिओवरचे कार्यक्रम, मित्रांकडून मागून आणलेली जुनी रेकॉर्डिंग्ज, अशा कपाटभर कॅसेटी त्यांनी कितीतरी रविवार घालवून कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. मग कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या आणि वसईतल्या आपल्या सोसायटीभर सांगत फिरले, की आता कपाट मीराच्या साड्यांना मोकळं. शहाण्या माणसाला कोण समजावणार?

बायको, मीरा, आजारी पडली तेव्हा त्यांनी ही सगळी गाणी एका एमपीथ्री प्लेयरवर भरली आणि तो डब्यासकट तिच्या हाताशी ठेवला. मुलगा कौस्तुभ बंगलोरला. दिवाकरराव सकाळी ऑफिसला निघत ते रात्रीच परतत.

"दिवसभर नुसती पडून असतेस, ऐकत जा," त्यांनी तिला बजावलं होतं.

रात्री चपला काढता काढता त्यांचा पहिला प्रश्न, "ऐकलीस का?"

"हो. छान वाटलं," मीरा म्हणायची. एवढं ऐकलं की ते निर्धास्त जेवायला बसत.

मीरा गेली. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. २००८च्या उन्हाळ्यात, भारनियमनात गेलेली वीज एकदा दणक्यात परत आली आणि कॉम्प्युटर बसला तो बसलाच. दुकानातल्या सिद्धेशने खटपट करून पाहिली.

"काका, हार्ड डिस्क गेलीय. कॉपी आहे का कुठे?"

होती, फक्त मीराच्या प्लेयरवर. घर उलटंपालटं करूनही तो सापडेना, तेव्हा त्यांनी कौस्तुभला फोन लावला.

"बाबा, तो मी तेराव्याला शय्यादानात ठेवला. गादी, छत्री, चपला दिल्या ना गुरुजींना आईच्या नावाने, त्यातच. तिच्या आवडीची वस्तू म्हणून. दिवसभर ऐकते असं तुम्हीच सांगायचात."

दिलेलं दान परत मागायचं कोणत्या तोंडाने? ते बरेच दिवस घुटमळले. पण गाणी सोडवत नव्हती. शेवटच्या महिन्यांत आपण तिच्याजवळ नव्हतो, निदान आपली गाणी तरी होती, या एका गोष्टीवर ते त्या रिकाम्या घरात दिवस ढकलत होते. शेवटी ते वसईतल्याच होळी भागात गुरुजींच्या घरी गेले.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. "दान परत घेता येत नाही, केळुसकर. पण उसनं नेता येतं. गाणी उतरवून घ्या आणि आणून द्या." त्यांनी आतून डबा आणला. "आमच्याकडे कुणी हात लावलेला नाही. कोरी वस्तू दिलीत, बरं वाटलं हो. लोक वापरलेलं खपवतात."

"कोरी नाही. मीरा रोज ऐकायची."

गुरुजींनी नुसता डबा उघडून पुढे केला. इअरफोनचं प्लास्टिकचं पाकीट कारखान्यातून आलं तसं चिकटवलेलं होतं. इअरफोनशिवाय त्या प्लेयरमधून आवाज यायची सोयच नव्हती.

सिद्धेशने त्याच दिवशी सगळी गाणी नव्या हार्ड डिस्कवर उतरवली. "काका, एकही गेलं नाही," तो खुशीत म्हणाला. दिवाकरराव "बरं झालं" म्हणाले आणि संध्याकाळी प्लेयर गुरुजींकडे पोचवून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कॉम्प्युटर मीराच्या पलंगाजवळ ओढला, तिच्या जागी बसून स्वतःचे इअरफोन कानात घातले आणि एक बैठक लावली. तंबोरे सुरू झाले आणि बाकीचं सगळं बंद झालं. खाली मासे विकणाऱ्या मावरेवालीची हाक बंद, शेजारच्या मटिल्डाबाईंची कुकरची शिटी बंद. हे कानात घालून मीरा बसली असती, तर दार वाजलेलं तिला कळलं नसतं. फोन वाजलेला कळला नसता. बंगलोरचा फोन दुपारीच यायचा, आला तर.

रोज रात्री आपण तिला एकच प्रश्न विचारला आणि तोही चुकीचा.

त्यांनी इअरफोन काढून ठेवले. जिन्यावर पावलं वाजली, दारापर्यंत आली, आणि तशीच वरच्या मजल्यावर निघून गेली.