दुपट्ट्यावरचा खटला

सौंसरच्या बसस्टँडवर पोचलो आणि माझी नात सुजाता घरी परत जायचं म्हणू लागली. आम्हाला बसनं पांढुर्णा आणि तिथून रेल्वेनं भोपाळ गाठायचं होतं. तिथे तिची वकिलीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा होती आणि अभ्यास अर्धाच झाला होता.

"आजी, मी पुढल्या वर्षी बसते."

"तुह्या बापानं काय म्हटलं? यंदा नाही तं मास्तरणीचं ट्रेनिंग. पुढलं वर्ष कोण देऊन राहिलं तुले?"

"पण काही आलंच नाही तं?"

"तं कोरा पेपर देऊन ये. मी चौथी शिकली, मले कोणी मारलं का?"

बस लागली. आमच्याकडे खिडकीतून सीटवर दुपट्टा (खांद्यावरचा पंचा) टाकला की जागा धरली जाते. ही रीत मला पटत नाही. मी आत शिरले आणि सीट दिसली तिथे बसले. खाली दुपट्टा होता. मऊ लागला.

दुपट्टेवाला आला. संत्र्यांचा दलाल, खांद्याला ट्रान्झिस्टर.

"माय, उठा. जागा माही हाये."

"तुहं नाव लिवलं हाये का?"

अर्धी बस त्याच्याकडून, अर्धी माझ्याकडून बोलू लागली. मी म्हटलं, "हे माही नात वकील होऊन राहिली. तिलेच विचारा." मला वाटलं, मिटलं.

सुजातानं मलाच विचारलं, "आजी, परवा नागपूरहून येताना आपली जागा कशी धरली होती?"

खिडकीतून पिशवी मीच टाकली होती.

"परवा रीत खरी, अन् आज खोटी काहून? ऊठ."

बस हसली. मी पांढुर्ण्यापर्यंत उभी. उभ्या माणसाला खिडकीतून संत्र्याच्या झाडांचे बुंधे तेवढे दिसतात, म्हणून त्या वाटेचं जास्त वर्णन मला करता येत नाही. दलालानं फुटाणे दिले. घेतले. राग वेगळा, फुटाणे वेगळे.

पांढुर्ण्याला स्टेशनसमोर आलूबोंडे (बटाटेवडे) खाल्ले. सौंसरची बस परत निघायच्या बेतात होती.

"पाह्य, अजून जाता येते," मी म्हटलं.

ती बसकडे पाहत राहिली. मग हात पुसले. "चाल, भोपाळचं तिकीट काढू. येईल ते लिहीन, बाकी वाद घालीन."

दुसऱ्या दिवशी ती पेपर देऊन बाहेर आली.

"कसा गेला?"

"अर्धा आला."

"अन् उरलेला?"

"तोही लिहिला."

निकाल अजून लागायचा आहे. मी त्याची काळजी करत नाही. अर्ध्या अभ्यासावर तिनं सख्ख्या आजीला अख्खी वाट उभं ठेवलं. पूर्ण केला असता तर बसमधूनच उतरवलं असतं.

परतताना पांढुर्ण्याला मी आधी खिडकीतून पिशवी टाकली. आत जाऊन पाहते तर माझ्या जागेवर एक हवालदार, पिशवी त्याच्या मांडीवर. मी सुजाताला पुढे ढकललं.

"जाय. आता माह्याकडून बोल."