सोफावालीचं नाक

सोफावालीनं काम सुरू केलंय, हे गल्लीला तिच्या शिंकांवरून कळायचं. जुन्या सोफ्याचं कापड टराटरा फाडलं की आतली धूळ उठायची आणि बाई सुरू व्हायची. एकीवर भागेल तर शपथ! दातांत धरलेले खिळे आधी काढून ठेवायची तिला सवयच लागली होती.

एकदा तिला अशी दणदणीत शिंक आली, की शेजारच्या घड्याळवाल्याचा हात हलला आणि चिमट्यातला इवलासा स्क्रू उडाला. स्क्रू शोधत घड्याळवाला रांगत रांगत तिच्या दारापर्यंत आला.

"वहिनी, माझ्या नाकी नऊ आणलेत तुमच्या नाकानं. आता तरी डॉक्टरला दाखवा!"

"दाखवीन हो. पण धंदा सोड म्हणाले तर?"

खरी भीती हीच होती. वडिलांच्या हाताखाली शिकलेलं हे काम तिला जिवापाड आवडायचं.

शेवटी गेली. डॉक्टरीणबाईंनी नाकात उजेड टाकून पाहिलं.

"नाकाचं अस्तर म्हणजे पहाराच असतो. वरचा चिकट थर धूळ धरून ठेवतो, खाली पेशी एकमेकींना घट्ट बिलगून बसतात. तुमच्या अस्तराला सूज आलीय, पेशींची पकड सैल झालीय. धूळ आत शिरते, शरीराला वाटतं शत्रूच आला. मग शिंका, आणखी सूज."

"म्हणजे शिवण उसवलीय."

"अगदी तसंच."

"मग दुकान बंद?"

"कशाला? मास्क लावा, सोफे बाहेर मोकळ्यावर उसवा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवा आणि हा फवारा रोज मारा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका."

पहिल्या दिवशी पाणी घशात गेलं. ती खोकून बेजार. सासूबाई म्हणाल्या, "नाक आहे की मोरी?" तरी तिनं नेम सोडला नाही. शिंका हळूहळू कमी झाल्या.

मग एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. नवरा बसच्या ड्रायव्हरीतून निवृत्त झाल्यापासून चहा तोच करायचा.

"अहो, काहीतरी करपलंय."

तो जागीच गार. "दूध. रोजच लागतं थोडं."

"रोज?"

"तू कधी बोलली नाहीस. मला वाटलं, मी सुगरण!"

"मला कळायचं," सासूबाई आतून म्हणाल्या. "पण आयता चहा मिळत होता. कोण नाक मुरडणार?"

तिघंही हसून हसून लोळायची बाकी राहिली. सोफावालीनं मग साबण हुंगला, धुतलेला टॉवेल हुंगला, नवऱ्याचा सदराही हुंगला. तो लाजून गॅलरीत पळाला.

दुकानात त्या दिवशी एक बाई कापड निवडायला आल्या. सोफावालीनं नवा तागा उलगडला आणि त्यात तोंड खुपसून उभीच राहिली.

"टिकेल ना हो हे?" बाईंनी विचारलं.

"वास काय सुरेख आहे, बघा तरी!"

बाईंनीही वाकून हुंगलं आणि म्हणाल्या, "द्या, हेच लावा."