ह्येंची वस्ती

मोहोळ आणि वैरागच्या मधल्या माळावर आमची वस्ती. मी विहीर खणली, मेंढरांचा वाडा घातला, मागनं दोघं धाकटे भाऊ आले. अलीकडचा पाटील म्हणायचा, तुमी पलीकडचे. पलीकडचा म्हणायचा, अलीकडचे. लोक माझ्या नावानं वस्ती ओळखायचे, पण कागदावर आम्ही कुठंच नव्हतो.

खानेसुमारीचा कारकून आला त्या दिवशी आम्ही गडी वैरागच्या बाजारात. घरी माझी बायको आणि दोघी भावजया. तिघींनाही माझं नाव घ्यायची चोरी. एकीचा नवरा, दोघींचा थोरला दीर.

"बाई, वस्ती कुणाची?"

"ह्येंची की," बायको म्हणाली.

"हे म्हणजे कोण?"

"आता ह्ये म्हंजी ह्येच. दुसरं कोण असतंय?"

कारकून उन्हानं वैतागलेला. त्यानं 'ह्येंची वस्ती' लिहिलं आणि वाटेला लागला.

पुढं बाजारात माझी फजिती. "आलं बघा ह्ये!" म्हणून हमालसुद्धा दात काढायचे. घरी येऊन मी तिच्यावर तोंड सोडलं. "लिंबाचं नाव सांगायचं, हिरीचं सांगायचं. अक्कल कुटं गेली हुती?"

ती भाकरी थापत म्हणाली, "खोटं कशाला सांगू? वस्ती तुमचीच की."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ते दोन दिवस आता टोचतात. गेल्या श्रावणात ती गेली.

वस्ती आता बारा घरांची झाली. शाळेसाठी अर्ज करायचा म्हणून सगळे लिंबाखाली बसले. पुतण्या म्हणाला, "तात्या, असलं नाव लिवायची लाज वाटती. देवाचं देऊ."

तिचा तेवढाच एक शब्द कागदावर होता.

"तिनं दिलेलं नाव काढायचं न्हाय."

"बरं, मग काकीचंच नाव देऊ. काय हुतं वो तिचं नाव? आमी आपलं काकीच म्हणत आलो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडलं. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा एकदा घेतलेलं नाव. पुढं सगळा संसार 'अगं'वरच निघाला. चार माणसांत ते ओठावर येईना.

पुतण्या हसला. "तात्या, तुमची बी तीच गत की!"

"ह्येंचीच लिव," मी म्हणालो.

अर्ज तसाच गेला. घरी जाताना बांधावर कुणी नव्हतं, म्हणून एकदा तिचं नाव घेऊन बघितलं. परक्याच्या बाईला हाक मारल्यागत वाटलं. मग नुसतं 'अगं' म्हणालो आणि चालायला लागलो.