चांदी आणि चराईबंदी

खाली बसण्याआधी जमिनीची परवानगी मागणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो म्हणजे माझ्या वडिलांचे कोरकू दोस्त. मी त्यांना आबाजी म्हणतो. हिवरखेडच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. लग्नानंतर बायकोला घेऊन गेलो, तर चहाआधी त्यांनी तिला टेकडीसमोर उभं केलं आणि तिचं नाव, माहेर, सगळं टेकडीच्या कानावर घातलं. बायको पुण्याची, तिनं गोंधळून टेकडीला वाकून नमस्कार केला! चारोळी उतरवताना आबाजी पाखरांचा वाटा झाडावरच ठेवतात. एकदा मी त्या वाट्याला हात घातला, तेव्हा मला चक्क झाडाची माफी मागायला लावली. मी आपला पुटपुटलो, तर म्हणाले, "जोरानं म्हन ना बापा! झाडाले कमी आयकू येते."

पाऊस बेभरवशाचा झाला, गावचा झरा होळीलाच आटायला लागला, तेव्हा ग्रामसभेत चराईबंदीचा विषय त्यांनीच काढला. टेकडीवर गुरं-बकऱ्या सोडायच्या नाहीत, पाणी जिरवायला उतारावर चर खोदायचे, आणि नियम मोडेल त्यानं एक चर जास्त खोदायचा, असं गावानं ठरवलं. पहिल्याच आठवड्यात नियम मोडला तो आबाजींच्या चांदीनं. चांदी म्हणजे त्यांची बकरी. त्यांची बायको वारल्यापासून ते जेवताना तिच्याशीच बोलत. आबाजींनी चांदीला चराच्या काठावर बांधलं आणि निमूट चर खोदला. निमूट म्हणजे काय, तिला रागावत: "पाय, तुयापाई मी काय करून राहिलो!" असे चार चर झाले. पाचव्या वेळी मात्र त्यांच्या वयाकडे पाहून गाव गप्प बसलं, आणि नेमकं तेच त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये चांदीला मांडीशी घेऊन ते निघाले आणि तिला लेकीकडे दर्यापूरला सोडून आले.

"आबाजी, एका बकरीनं काय होते?" मी म्हटलं.

"गाव मले पाहून गप बसलं रे. उद्या मी कोनाले बोलू?"

त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात झरा भर वैशाखात वाहता राहिला. सारं गाव आनंदात होतं. आबाजी ओंजळ भरून नुसतेच बसले होते.

"दर्यापूरचं पानी खारं हाय," ते म्हणाले. "कशी पेत असन चांदी?"

"घेऊन येऊ का तिले?"

"नोको. आली का पुन्हा टेकडीवरच जाते. अन् तिची तरी काय चूक? टेकडी तिचीबी हायच ना."

मी झऱ्याच्या पाण्याचा कॅन भरला आणि दर्यापूर गाठलं. चांदीनं आधी हुंगलं, मग घमेल्यातलं पाणी एका दमात संपवलं. परत येऊन आबाजींना सांगितलं, तर ते टेकडीकडे वळले.

"ओयखलं तिनं," एवढंच म्हणाले.