वळचणीचं पाणी

इंग्लंडातल्या सफोक परगण्यातल्या आमच्या गावात केझाया पास्क लोकांची धुणी धुवायची. तिचं पोर जलमलं आणि पाद्री पोचायच्या आत, बाप्तिस्म्याविनाच गेलं. अशा पोराला कबरस्तानात जागा नाही. म्हणून थडगी खणणाऱ्या म्हाताऱ्या जाबेझनं ते चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला, वळचणीखाली पुरलं. चर्चच्या छपरावरून गळलेलं पाणी अंगावर पडलं की बाप्तिस्मा झाला, असं आमच्यात जुनी माणसं मानतात. केझाया तेवढ्यावर जगली.

मग नवा पाद्री आला. भिंतीला ओल धरली म्हणून त्यानं छपराला लोखंडी पन्हळ लावायचं काढलं.

"तेवढी जागा सोडा, पाद्रीबाबा," केझाया म्हणाली.

"भिंत पडेल, बाई."

"इतकी वर्सं उभी हाय. तुमास्नी बघून बरी पडायला लागली."

पन्हळ लागलीच. पुढच्या पावसात केझाया डोक्यावर गोणपाट घेऊन आली. पन्हळीच्या तोंडाखाली तिनं बादली भरली आणि पोराच्या जागेवर हळूहळू ओतली.

पाद्री दारातनं बघत होता. "हे काय, बाई?"

"छपरावरचंच पाणी हाय न्हवं? भिंतीला लागू देत न्हाई, लांबनं वतते."

पुढं केझायाची कंबर वाकली, बादली अर्धीच भरायला लागली, पण पाऊस तिनं चुकवला नाही.