इंजिनाच्या दोराची गाठ

लोणावळ्याला मी फौजदार होतो तेव्हाची ती घटना आजही आठवते आणि आठवली की जिवाला चटका लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस. एक मुसलमान ड्रायव्हर आपल्या भाड्याच्या मोटारीचं इंजिन दुरुस्तीसाठी घरच्या अंगणात काढत होता. मदतीला वडगावकडचा त्याचा जिवलग दोस्त, शेतकरी गडी. आंब्याच्या फांदीला कप्पी टांगून त्यांनी इंजिन वर ओढलं, दोर बुंध्याला बांधला आणि मोटार मागे ढकलली. टांगलेलं इंजिन आधी फळ्यांवर उतरवायचं असतं. भुकेच्या घाईत ते राहिलं. जेवून ड्रायव्हर इंजिनाखाली वाकला आणि इंजिन कोसळलं. तो जागीच गेला.

संध्याकाळी मोटार अड्ड्यावरचा एकजण ठाण्यात आला. "साहेब, काल दोघांचं भांडण झालतं. त्या शेतकऱ्यानंच दोर सोडला." बातमी देणारे नेहमी साळसूद चेहऱ्याने येतात, मला त्या चेहऱ्यांची चीड आहे. पण पंचनाम्यात दोर कुठेही तुटलेला नव्हता, गाठच सुटली होती. आणि दोस्त त्या वेळी बुंध्यापाशी उभा होता. प्रकरण फाशीपर्यंत जाणारं होतं.

मी त्याचा जबाब घेतला.

"भांडण कशावरून?"

"मोटार इकतो म्हनत हुता. म्या नगं म्हनलं."

"गाठ कुणाची?"

"माजी. मोटंचा नाडा हाय त्यो, घरनं आनलेला. माजी गाठ कंदी सुटत न्हाई, साहेब."

खोटारड्याने आधी गाठ कच्ची होती म्हणून सांगितलं असतं. हा भला माणूस स्वतःच्या गाठीची हमी देऊन आणखी खोलात चालला होता.

सकाळी तोच नाडा देऊन मी त्याला ठाण्याच्या आवारात तशीच गाठ मारायला लावली. त्याने आधी बादलीभर पाणी मागितलं.

"पाणी कशाला?"

"नाडा भिजवल्याबिगर कुनी बांदतं व्हय?"

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोट दिवसभर विहिरीत बुडते, नाडा ओलाच राहतो, फुगलेली गाठ घट्ट बसते. अंगणात मात्र भिजवून बांधलेला नाडा पुन्हा ओला व्हायला पाणी कुठलं? आम्ही त्याच ओल्या गाठीने वाळूची पोती टांगून उन्हात ठेवली. दुपारपर्यंत दोर वाळून बारीक झाला, गाठ सैल पडली. हवालदाराने पोती जराशी हलवली आणि ती धाडकन खाली आली.

खुनाचा संशय फिटला. दोस्त मात्र मटकन खाली बसला. "म्हंजी माज्याच गाठीनं गेला त्यो," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला. माझेही डोळे भरून आले.

ड्रायव्हरची आई फाटकाशी उभी होती. मी त्याला सोडलं तरी तो तिच्यासमोर जाईना. शेवटी म्हातारीच आत आली, तिने त्याचा दंड धरला.

"ऊठ. मयत अंगनात ठेवलीया. तुज्या खांद्याबिगर म्या ती उचलू देनार न्हाई."

पुढे कितीतरी माणसं माझ्या हातून निर्दोष सुटली. पण नुसतं सोडून देणं पुरत नाही, हे मी त्या म्हातारीकडून शिकलो. त्यानंतर कुणालाही सोडण्याआधी मी विचारू लागलो, याला न्यायला घरचं कोण आलंय?